कडेचे पैसे कोण देणार?

शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा पकडून सोलापूरला गेलो. घरी स्वयंपाकघराचं काम नुकतंच संपलं होतं. आई फोनवर म्हणाली होती, "छान झालंय, येऊन बघ." आणि खरंच छान दिसत होतं. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्यावर दोन फूट पांढऱ्या टाइल्स... जुना कडप्पा कुणाला आठवू नये असं.

शनिवारी सकाळी बघतो तर आईच्या बोटाला पट्टी.

"काय झालं गं?"

"काही नाही रे, पुसताना कडेला लागलं जरा."

कडेला म्हणजे खिडकीच्या कोपऱ्याला. तिथे दोन टाइल्स ४५ अंशात कापून एकमेकींना भिडवल्या होत्या. लांबून झकास. जवळून पाहिलं तर टवके उडालेले आणि धार ब्लेडसारखी. मग मी सगळ्याच कडा बघत सुटलो. वरच्या ओळीत टाइलचं तांबूस पोट उघडं, त्यावर पांढरं सिमेंट फासलेलं. ओटा आणि टाइल जिथे भेटतात तिथे आत्ताच केसाएवढी भेग, आणि भाकरीचं पीठ नेमकं तिच्यात जाऊन बसलेलं. महिन्याभरात मुंग्या, मग झुरळं. आता बोला!

मी चिडून मिस्त्रीमामांना फोन लावला. ते आले, गुण्या लावून भिंत दाखवली. एका टोकाला बोटभर फट. भिंतच काटकोनात नाही. मग शांतपणे म्हणाले, "साहेब, रेट कशावर ठरला होता?"

"स्क्वेअर फुटावर."

"मग कडेला किती स्क्वेअर फूट असतात?"

माझी बोलती बंद. रेषेला लांबी असते, क्षेत्रफळ नसतं, हे तर शाळेतच शिकलो होतो!

मामा गेल्यावर टेप घेऊन बसलो. आमचा ओटा एल आकाराचा, एकूण १२ फूट. त्यावर २ फूट टाइल्स म्हणजे २४ चौरस फूट. आता कडा मोजा. वर १२, खाली ओट्यालगत १२, दोन्ही टोकांना २-२ आणि मधला कोपरा २. झाले ३० रनिंग फूट. आणि यात खिडकी धरलेलीच नाही! खिडकी आली की क्षेत्रफळ कमी होतं आणि कडा वाढतात. म्हणजे आपल्या हिशोबात मिस्त्रीचे पैसे कमी आणि काम जास्त. सपाट भागात टाइल्स भराभर बसतात, कोपऱ्यात एकेका तुकड्याला अर्धा तास जातो. तो अर्धा तास आपण फुकटात मागतो, आणि मग "हल्ली कारागीर राहिले नाहीत" म्हणून सुस्कारे सोडतो.

गंमत म्हणजे त्याच ओट्याच्या ग्रॅनाइटची पुढची कड अप्रतिम झालीय. गोल, गुळगुळीत, आरशासारखी. कारण? ग्रॅनाइटवाला कडेच्या मोल्डिंगचे पैसे रनिंग फुटावर वेगळे लावतो. ज्या कडेचे पैसे दिले ती चांगली झाली, ज्या कडेचे दिले नाहीत ती आईच्या बोटाला लागली. इतकं सरळ आहे हे.

आणखी एक कबुली. ४५ अंशाचा हट्ट माझाच होता. इंटरनेटवरचा फोटो मीच पाठवला होता. त्या कटसाठी मामांचा पोरगा गॅलरीत बसून कोरड्या ग्राइंडरने टाइल्स घासत होता, तोंडाला फक्त रुमाल. टाइलच्या धुळीत सिलिका असते. वर्षानुवर्षं ती छातीत गेली तर सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. पाण्यावर चालणारं कटर वापरलं तर धूळ पुष्कळ कमी होते, पण त्याचा खर्चही कुठल्याच चौरस फुटात बसत नाही.

खरं तर करायचं काय ते मामांना सगळं माहीत होतं. टाइलची कंपनीतून आलेली कड उघड्या बाजूला ठेवायची आणि कापलेली कोपऱ्यात लपवायची. बाहेरच्या कोपऱ्याला बीडिंगची पट्टी लावायची, म्हणजे धार राहत नाही. फक्त तिचा पाय टाइलच्या खाली जातो, त्यामुळे ती आधी ठरवावी लागते, नंतर चिकटवता येत नाही. आणि ओटा व टाइलच्या सांध्यात सिमेंट न भरता सिलिकॉन भरायचं. ओटा आणि भिंत वेगवेगळे हलतात, ताठ सिमेंट तडकतं, सिलिकॉन ताणलं जातं. मामांना हे कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही विचारलं एकच, "स्क्वेअर फुटाला किती?"

हसू यायचं कारण म्हणजे सोमवार ते शुक्रवार मी याच्या दुसऱ्या बाजूला बसतो. क्लायंट स्क्रीन मोजून एस्टिमेट मागतो. दहा स्क्रीन, इतके दिवस. नाव रिकामं ठेवलं तर? पेमेंटच्या मध्येच नेट गेलं तर? त्या एज केसेसना स्क्रीन नसते, म्हणून दिवसही नसतात. आणि प्रॉडक्शनला काही फुटलं की सगळे विचारतात, "क्वालिटी कुठे गेली?" तेव्हा मला जाम राग येतो. मामांना मात्र मी तोच प्रश्न विचारून बसलो होतो.

असो. रविवारी मामांना परत बोलावलं. खिडकीच्या आणि वरच्या ओळीच्या टाइल्स काढून पट्टी लावायची, सांध्यात सिलिकॉन भरायचं, पाण्याचं कटर भाड्याने आणायचं. रेट रनिंग फुटावर. एकूण आकडा पुण्यात चार मित्रांच्या एका जेवणाएवढा निघाला. तुमच्या घरी काम निघणार असेल तर कडांची लांबी आधी मोजा आणि तिचा रेट वेगळा ठरवा, एवढंच सांगणं.

निघताना मामा म्हणाले, "साहेब, कडेचे पैसे वेगळे देणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं."

आईचं म्हणणं मात्र वेगळंच होतं. "पट्टी स्टीलची नको रे, पांढरीच बघ. आणि पोराला मास्क आणून दे."