घरची गाडी : पोटाखालचा गंज

बंगळुरूहून तुमकूर रस्त्यानं बेळगाव-कोल्हापूरकडे निघालेल्या प्रत्येकाला पीण्याचा लांबलचक उड्डाणपूल लागतो. डिसेंबर 2021 मध्ये हा पूल एकाएकी वाहतुकीला बंद झाला. वरून पाहता त्याला काहीच झालं नव्हतं; पण 102 आणि 103 क्रमांकांच्या खांबांदरम्यान काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा गंजून कमकुवत झाल्या होत्या. हलक्या वाहनांना फेब्रुवारी 2022 मध्ये वाट मिळाली, अवजड वाहनांना मात्र जुलै 2024 उजाडेपर्यंत थांबावं लागलं.

या पुलावरून जाणाऱ्या कित्येक जुन्या गाड्यांच्या पोटाखालीही असाच गंज दडलेला असतो. पूल तपासायला इंजिनिअर येतात. गाडीखाली वाकून कोण पाहतो?

मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीहून बदली होऊन बंगळुरूला आलेली मराठी कुटुंबं आपली जुनी गाडी बहुधा सोबत घेऊन येतात. गाडी सवयीची असते, तिच्यात जीव गुंतलेला असतो. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचावर. खारी हवा नाही, कोकणासारखा पाऊस नाही. मग गंजाची काय भीती, असं वाटतं. पण माणसाला मानवणारा हवापालट लोखंडाला उपयोगी पडत नाही. खारा चिखल पत्र्याच्या सांदीकोपऱ्यात चिकटून राहतो आणि ओल मिळाली की गंजाचं काम पुन्हा सुरू होतं. त्यात सर्वांत आधी धोक्यात येतात त्या ब्रेकच्या नळ्या.

पेन्सिलीहून बारीक नळी

ब्रेकचं पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल पोलादी नळ्यांतून चारही चाकांकडे ढकललं जातं आणि तो दाब चाकं थांबवतो. नळीची जाडी बहुतेक गाड्यांत जेमतेम पावणेपाच मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीपेक्षाही कमी. करकचून ब्रेक मारला, की टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट दाब ती सोसते. नळीवरचा संरक्षक लेप उडाला आणि गंजानं पत्रा पातळ केला, तरी रोजच्या हलक्या ब्रेकला ती टिकून राहते. ती फुटते ती नेमकी जोरात ब्रेक मारण्याच्या क्षणी, म्हणजे ब्रेकची सर्वाधिक गरज असताना.

फार जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच जोडणी असे. नळी एका ठिकाणी फुटली की सगळे ब्रेक गेले. नंतरच्या गाड्यांत दोन स्वतंत्र जोडण्या आल्या. एक गेली तरी दुसरी उरते, पण गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं.

गंज दडतो तो नळी धरून ठेवणाऱ्या क्लिपांखाली, पेट्रोलच्या टाकीच्या वर आणि मागच्या ॲक्सलजवळ. म्हणून गाडी जॅकवर घेऊन नुसती नजर फिरवणं पुरेसं नाही. क्लिप सोडवून, चिखल खरवडून, बॅटरीच्या उजेडात नळी पाहायला हवी. पापुद्रे सुटले असतील किंवा खड्डे पडले असतील, तर विषाची परीक्षा पाहू नये, नळी बदलावी. टाकीतलं ऑइल वरचेवर कमी होणं, पेडल मऊ लागणं, चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग दिसणं, ही तर शेवटची सूचना. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नये.

पीण्यात मिळतं सगळं, मागावं नेमकं

शेजारच्या जलहळ्ळीत पन्नासच्या दशकात एचएमटीचा कारखाना उभा राहिला आणि पुढे सत्तरच्या दशकात पीण्याची औद्योगिक वसाहत आकाराला आली. आज तिथल्या गल्लीबोळांत लेथ, प्रेस आणि वेल्डिंगची हजारो लहानमोठी कामं चालतात. अशा ठिकाणी नळी कापून, वाकवून देणारा हात मिळायला वेळ लागत नाही. पण अर्ध्या तासात योग्य नळी जशी तयार होते, तशीच चुकीचीही होते. म्हणून मागताना नेमकं मागावं.

नळी ब्रेकसाठीच बनवलेली असावी : लेप दिलेली पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची. या मिश्रधातूत साधारण दहा टक्के निकेल असतं आणि ती गंजत नाही. थंडीत रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या स्वीडनमध्ये व्होल्वोनं सत्तरच्या दशकातच तिचा वापर सुरू केला. फ्रिजवाल्याकडची साधी तांब्याची नळी मात्र कदापि नको. ती हादऱ्यांनी कडक होते आणि तडकते.

गंजलेला तुकडा कापून मध्ये रबरी पाइप आणि क्लॅम्प बसवण्याचा सल्लाही ऐकू नये. एका जागी गंजलेली नळी दुसरीकडेही गंजलेली असण्याचीच शक्यता जास्त. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलावी. टोकाची घडी, म्हणजे फ्लेअर, जुन्या नळीसारखीच दुहेरी असावी. नवी नळी मूळ वाटेनंच न्यावी, सगळ्या क्लिपा पुन्हा लावाव्यात, सायलेन्सरपासून अंतर राखावं. चाकाजवळचे रबरी होज तडकले असतील तर तेही त्याच वेळी बदलावेत.

मग नवं ब्रेक ऑइल. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचंच आणि सीलबंद डब्यातलं घ्यावं, कारण ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट-4 दर्जाचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शिरली की ही मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळलं तर पेडल थेट तळाला जातं. हीच ओल नळीला आतूनही गंजवते. म्हणून सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी ऑइल बदलावं.

काम झाल्यावर चारही चाकांतून हवा काढून घ्यावी. गाडी ताब्यात घेताना इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट घट्ट दाबून धरावं. ते हळूहळू खाली सरकलं किंवा एखाद्या जोडावर ओल दिसली, तर काम पुरं झालेलं नाही. तसं मेकॅनिकला स्पष्ट सांगावं. संकोच करू नये.

गणपतीला बंगळुरूहून सावंतवाडीकडे निघालेली गाडी बेळगावनंतर आंबोलीचा घाट उतरते. मागच्या सीटवर मुलं, आजी, डिकीत सामान, रस्त्यावर धुकं आणि पाऊस. त्या उतारावर सारा भरवसा एका बारीक नळीवर असतो. निघण्याआधी गाडी धुऊन पुसून चकचकीत केली जातेच; त्याच आठवड्यात ती एकदा रॅम्पवर चढवून खालूनही पाहून घ्यावी.