डॉक्टरांचे मदतनीस : हेतू काय होता, फळ काय मिळाले?

मुलगा किंवा मुलगी डॉक्टर व्हावी, ही इच्छा आपल्या बेटावरील अनेक मराठी घरांत असते. परंतु वैद्यकीय महाविद्यालयात सर्वांनाच जागा मिळत नाही आणि परदेशातील शिक्षणाचा खर्चही सर्वांना झेपत नाही. अशा वेळी ‘फिजिशियन असिस्टंट’, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोगी तपासणारा प्रशिक्षित मदतनीस, या अभ्यासक्रमाकडे लक्ष जाते. माहितीपत्रकात ध्येये आणि निकाल मोठ्या दिमाखाने छापलेले असतात. ते कसे वाचावेत, याचा विचार फी भरण्यापूर्वी केलेला बरा.

या व्यवसायाचा जन्म अमेरिकेत टंचाईतून झाला. १९६० नंतरच्या दशकात तेथील खेडोपाडी डॉक्टर मिळेनात. दुसरीकडे, नौदलात व लष्करात जखमींची शुश्रूषा केलेले अनुभवी जवान घरी परतत होते, पण त्यांच्या अनुभवाला नागरी जीवनात किंमत नव्हती. ही दोन टोके ड्यूक विद्यापीठातील डॉ. यूजीन स्टेड यांनी एकत्र बांधली. १९६५ साली त्यांनी नौदलातील चार माजी वैद्यकसेवकांना घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. १९६७ च्या ऑक्टोबरात त्यांतील तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले.

१९६९ साली वॉशिंग्टन राज्यात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांच्या ‘मेडेक्स’ योजनेच्या पहिल्या तुकडीत पंधरा माजी लष्करी वैद्यकसेवक होते. विद्यापीठात काही महिने कसून शिक्षण आणि नंतर सुमारे वर्षभर एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली प्रत्यक्ष काम, अशी तिची रचना होती. यातील खरी मेख अशी की, ज्या भागात डॉक्टरांचा तुटवडा आहे तेथील डॉक्टरांना आणि त्यांच्या संघटनेला योजनेत आधीच सामील करून घेतले होते. प्रशिक्षणार्थी शिकत असतानाच त्याचे गाव आणि त्याचा गुरू ठरलेला असे. त्यामुळे शिक्षण संपल्यावर तो कोठे जाईल, हा प्रश्न फारसा उरतच नसे.

आज अमेरिकेत या व्यवसायात दीड लाखांहून अधिक लोक आहेत. आरंभीच्या तुकड्यांत केवळ पुरुष होते, आज बहुसंख्य स्त्रिया आहेत. शिक्षण पदव्युत्तर झाले आहे. राष्ट्रीय परीक्षेत किती उत्तीर्ण झाले आणि किती जणांनी शिक्षण मधेच सोडले, हे प्रत्येक संस्थेला जाहीर करावे लागते. पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणारे दहापैकी नऊच्या आसपास असतात. या मापाने पाहिले तर यश निर्विवाद आहे.

परंतु मूळ हेतूच्या मापाने पाहिले तर चित्र पालटते. पहिल्या काळात या मदतनीसांपैकी निम्म्याहून अधिक जण सामान्य रोग्यांच्या प्राथमिक सेवेत होते. आज त्यांचे प्रमाण सुमारे चतुर्थांशावर आले आहे. बाकीचे शस्त्रक्रिया, हाडांचे विकार, तातडीची सेवा अशा शाखांत गेले. यात त्यांना दोष देता येणार नाही. शिक्षण महागले, डोक्यावर कर्ज आले, आणि जेथे पगार चांगला तेथे माणूस जाणारच. डॉक्टरांनीही तेच केले होते. परीक्षेचा निकाल विद्यार्थ्याची तयारी सांगतो. तो रोग्याच्या दारी पोहोचला की नाही, हे त्या आकड्यात कोठेच दिसत नाही.

‘मेडेक्स’चे बीज गयानातही रुजले. ऊसमळ्यांत मजुरीसाठी नेलेल्या भारतीयांचे वंशज तेथेही आपल्यासारखेच मोठ्या संख्येने आहेत. तेथे आधीपासून आरोग्यसेवेत असलेल्यांनाच निवडून ‘मेडेक्स’ केले गेले आणि डॉक्टर नसलेल्या दूरच्या आरोग्यकेंद्रांवर पाठवले गेले. पदवी लहान, पण कामाची जागा नक्की, असा हा प्रकार होता.

याच्या उलट ब्रिटनचा अनुभव. तेथे या मंडळींना ‘असोसिएट’ म्हटले जाऊ लागले, पण त्यांनी काय करावे आणि काय करू नये याच्या मर्यादा देशभर एकसारख्या आखल्या गेल्या नाहीत. आपल्यासमोर बसलेली व्यक्ती डॉक्टर आहे की नाही, हेच कित्येक रोग्यांना कळेना. वाद विकोपाला गेल्यावर सरकारने प्रा. जिलियन लेंग यांच्याकडे चौकशी सोपवली. जुलै २०२५ मध्ये त्यांचा अहवाल आला. नाव पुन्हा ‘असिस्टंट’ करावे, आणि निदान न झालेल्या रोग्यांना या मंडळींनी ठरवून दिलेल्या चौकटीबाहेर तपासू नये, असे त्यांनी सुचवले. गंमत अशी की, अमेरिकेतील संघटनेने २०२१ साली नेमके उलट, ‘असिस्टंट’चे ‘असोसिएट’ करण्याचे ठरवले होते. एकच काम, पण दोन देशांत नावाचा प्रवास दोन दिशांना!

भारतात १९९२ साली मद्रास मेडिकल मिशनमध्ये हे शिक्षण सुरू झाले. तेथील हेतू खेड्यांचा नव्हता, हृदयशस्त्रक्रियेत शल्यविशारदांना हाताशी माणूस हवा होता. पुढे अनेक संस्थांनी हा अभ्यासक्रम काढला, पण त्याला राष्ट्रीय कायद्याची चौकट मिळायला २०२१ साल उजाडले. म्हणजे कित्येक वर्षे मुले शिकून बाहेर पडत होती आणि त्यांची देशव्यापी नोंदणी मात्र नव्हती.

या चार देशांकडे पाहून एक गोष्ट स्पष्ट होते. फळ अभ्यासक्रमाच्या जाडीवर अवलंबून नसते. कोणाला निवडले, शिकल्यावर कोठे नेमले आणि मर्यादा कोणी आखली, या तीन गोष्टींवर ते ठरते. आगालेगासारख्या दूरच्या बेटासाठी उद्या कोणी अशी योजना मांडली, तर आपण पहिल्यांदा हेच तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

आणि आईबापांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. ही डॉक्टरची पदवी नव्हे, आणि तिच्या जोरावर पुढे आपोआप डॉक्टर होता येत नाही. एका देशातील नोंदणी दुसऱ्या देशात चालेलच असे नाही. म्हणून जमीन गहाण टाकण्यापूर्वी मॉरिशसमधील नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यांकडून लेखी उत्तर मागवावे. संस्थेकडे केवळ उत्तीर्णांचा आकडा मागू नये. मागल्या तुकडीतील मुले आज कोठे, कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या पदावर काम करीत आहेत, हे विचारावे. सचोटीने चालणाऱ्या संस्थेला हे सांगायला अडचण वाटणार नाही. जी टाळाटाळ करील, तिच्या दारात पैसे ठेवण्याची घाई नको.