अकरा महिन्यांचा मंत्र

मंडळी, आज जरा वाद घालायचा मूड आहे.

पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे. बुलडाणा, वाशीम, यवतमाळची पोरं शिकायला येतात. हॉस्टेल मिळालं तर ठीक, नाही तर विद्यापीठाच्या आसपास भाडं विचारायचं, आकडा ऐकून गप्प व्हायचं आणि मोर्णा ओलांडून जुन्या शहरात खोली बघायची. जाणं-येणं वाढतं, पण परवडतं. इथवर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एका वाक्याबद्दल: "कागद कशाले पायजे बाबू? आपन काय परके आहो का?"

त्याआधी आडनाव, गाव, वडील काय करतात, मटण-अंडी खाता का, सगळी उलटतपासणी झालेली असते बरं का! तेव्हा परके, कागद मागितला की घरचे. (आडनाव ऐकूनच "खोली गेली" म्हणणाऱ्यांवर वेगळं लिहावं लागेल, तो राग इथे मावणार नाही.) फारच मागे लागलात तर स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का आणि मुदत ११ महिने. ११ च का? तर म्हणे, "वर्षाच्या आत असलं का रजिस्ट्री लागत नाही."

साफ खोटं. ही पळवाट १९०८ च्या नोंदणी कायद्यातली. त्यात एक वर्षावरचे भाडेपट्टे नोंदवणं सक्तीचं आहे. पण ३१ मार्च २००० पासून राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. त्याच्या कलम ५५ मध्ये ११ महिन्यांची सूटबिट काही नाही. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. पंचवीस वर्षं होऊन गेली राव, आणि आपण अजून ११ चा पाढा म्हणतोय!

खर्चाचं रडगाणंही ऐकून घेऊ. महिना ४,००० भाडं आणि १०,००० डिपॉझिट धरा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे ११ महिन्यांचे सव्वाशेच्या आत. शहरात नोंदणी फी १,०००. तेही ऑनलाइन होतं. २०२४ पासून साध्या कराराचा स्टॅम्पच १०० चा ५०० झालाय. नोटरीचे पैसे मिळवा आणि सांगा, वाचलं काय?

मालकाची खरी भीती म्हणजे पोरगं खोली बळकावेल. अहो, मग तर नोंदवाच! लेखी लिव्ह अँड लायसन्स असेल तर मुदतीनंतर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि न हलणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. तोंडी व्यवहारात समोरचा "मी भाडेकरूच" म्हणून कोर्टात उभा राहिला की बसा तारखा मोजत.

पोराची बाजू मात्र फार लंगडी. आम्ही सॉफ्टवेअरवाले लॉग नसेल तर कुणाचंच ऐकत नाही. इथे डिपॉझिट रोख, भाडं रोख, पावती नाही. खोली सोडताना "रंगाचे कापले, नळाचे कापले" म्हटलं की पुरावा काय दाखवणार? भाडं वाढवायला नाही म्हटलं तर मे महिन्यात कूलरचं कनेक्शन बंद. मे २०२४ मध्ये उन्हापायी अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावलं होतं, त्या गावात! योग्य कारणाशिवाय भाडेकरूची वीज-पाणी तोडायला कलम २९ ची मनाई आहे, पण आधी आपण भाडेकरू आहोत हे तर दाखवता आलं पाहिजे ना.

तेव्हा पोरांनो, नोंदणी होईपर्यंत निदान भाडं बँकेतून द्या आणि पावती मागा. काका रुसले तर रुसू द्या.