मोफत पाण्याचा हिशेब

दोह्याच्या उत्तरेकडील अल दुहैल वस्तीत जे पाणी नळाला येते ते नदीचे नव्हे, कारण कतारच्या मुलखात नदीच नाही. समुद्राचे खारे पाणी नैसर्गिक वायूच्या ऊर्जेवर गोडे करून ते पुरविले जात असल्याने, पाण्याची उधळपट्टी ही तेथे इंधनाचीही उधळपट्टी ठरते. २००८ साली जाहीर झालेल्या ‘राष्ट्रीय दृष्टी २०३०’ने पर्यावरणास विकासाच्या चार आधारस्तंभांत स्थान दिले, त्याच वर्षीच्या २६ क्रमांकाच्या कायद्याने पिण्याच्या पाण्याची नळी लावून मोटार वा अंगण धुणे दंडनीय ठरविले, आणि २०२२ मध्ये अल खरसाह येथे ८०० मेगावॉटचा सौरप्रकल्प कार्यान्वित झाला. हे सर्व स्तुत्यच आहे. परंतु कतारी नागरिकांस घरगुती वीज-पाणी विनामूल्य मिळत असता केवळ दंडाच्या धाकाने काटकसर रुजेल, असे मला वाटत नाही. गरजेपुरते मोफत व त्यापुढे चढता दर, अशी तजवीज सरकारने करावी. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज देणाऱ्या महाराष्ट्रानेही प्रत्येक पंपास मीटर बसवून, जो शेतकरी वीज वाचवील त्यास त्या बचतीची रक्कम रोख द्यावी.