बेवारस बोट, बेवारस बंदुका

मंडळी, १८ ऑगस्ट २०२२ आठवतोय? हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ नावाची बेवारस बोट लागली आणि आत निघाल्या चक्क तीन एके-४७! रायगडात हाय अलर्ट, जागोजागी नाकाबंदी. साहजिकच आहे म्हणा. १९९३ च्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स याच श्रीवर्धन तालुक्यात, शेखाडीला उतरलं होतं.

त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीस यांनी विधिमंडळात खुलासा केला. बोट मस्कतहून युरोपला निघालेली, जूनमध्ये इंजिन बंद पडलं, माणसं वाचवली, पण खवळलेल्या समुद्रात बोट ओढून नेता आली नाही. झालं, सगळे हुश्श करून मोकळे!

माझा प्रश्न मात्र इथून सुरू होतो. जीव आधी, मान्य. पण जवळपास दोन महिने तीन रायफली लाटांवर हेलकावे खात होत्या. पोलिसांआधी भलत्याच कुणाच्या हाती लागल्या असत्या तर?

गाडीत पिस्तूल ठेवून ढाब्यावर जेवायला बसणाऱ्याचंही तेच. काच फोडायला कितीसा वेळ लागतो? आपल्याकडे लायसनच्या अर्जासोबत शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. ती काय फक्त घरातल्या कपाटापुरती? लॅपटॉप चोरीला गेला तर ऑफिसवाले दुरून डेटा पुसून टाकतात. बंदुकीला ती सोय नाही.

तेव्हा चोराला पकडाच. पण मालकालाही दोन प्रश्न विचारा : कुलूप कुठे होतं? आणि बंदूक गेल्याचं कळवलंत कधी?