मोबाइलवर ऐकता, तसं गाऊनही बघा

"गाणं शिकायचं राहूनच गेलं," असं म्हणणारं माणूस प्रत्येक घरात एक तरी असतंच. कुणी नुकतंच निवृत्त झालेलं, कुणाची मुलं मोठी होऊन दुपार मोकळी झालेली, कुणी कॉलेजच्या पहिल्या वर्षात आणि क्लासची फी परवडत नाही म्हणून थांबलेलं. राहून गेलं, हे मान्य. पण आता शिकता येत नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये तानपुरा आहे, तबला आहे, शंभर वर्षांपूर्वीचे गायक आहेत आणि रेकॉर्डिंगची सोयही आहे. यातलं बहुतेक सगळं फुकट आहे.

अडचण वेगळीच आहे. यूट्यूब एक गाणं संपलं की दुसरं आपणहून लावतं. तासभर कानांवर सूर पडत राहतात आणि हाती काही लागत नाही. म्हणून पहिली विनंती ही, की आपोआप पुढचं गाणं लागण्याची सोय बंद करा आणि आठवडाभर एकाच रागात राहा. समजा, भूप घेतलात. सा रे ग प ध, एवढेच पाच स्वर. किशोरी आमोणकरांचा भूप शांतपणे ऐका. आठवडा संपला की त्या भूपापाठोपाठ कुणाचाही देशकार लावा. स्वर तेच पाच, तरी गाणं निराळं वाटेल, कारण भूपात मान गंधाराला आहे आणि देशकारात धैवताला. हे पुस्तकात वाचून कळत नाही, पाठोपाठ ऐकलं की एका संध्याकाळीत कळतं.

डोळ्यांनीही बघायचं असेल तर मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेचा 'ऑट्रिम' प्रकल्प शोधा. डॉ. सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मीर यांच्या या कामात गायन चालू असताना सुरांची रेषा पडद्यावर सरकत जाते. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावरची घसरण, कुठून सुटली, कुठे टेकली, आंदोलन, म्हणजे स्वराचा झोका, किती रुंद आहे, हे दिसतं. मूळचे गोव्याचे राजन पर्रीकर यांचा संग्रहही असाच. एकेका रागावर टिपण आणि त्याखाली वेगवेगळ्या गायकांचे तुकडे. आणि इंटरनेट अर्काइव्हवर ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या आहेत. एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच वेळ, त्यामुळे त्या काळच्या गायकांनी फाफटपसारा न करता गायलंय. शिकणाऱ्याला त्या फार उपयोगी. फक्त त्यावरून गायकाची पट्टी ठरवू नका, कारण तबकडी उतरवून घेताना वेग थोडा कमीजास्त झाला तरी सूर वरखाली होतो.

आता गाण्याकडे वळू. तानपुऱ्याचं कुठलंही बरं अ‍ॅप घ्या आणि आधी आपली पट्टी ठरवा. पुरुषांचा आवाज बहुधा पेटीच्या काळी एकच्या आगेमागे बसतो, बायकांचा काळी चार-पाचच्या. खालचा पंचम आणि वरचा गंधार ओढाताण न होता लागला, की ती तुमची पट्टी. आवडत्या गायकाची पट्टी ती आपली, असं समजून गळा ताणू नका. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाला लावा. मालकंसासारख्या रागात पंचम नसतो, तिथे मध्यमाला.

एखादी जागा पकडीत येत नसेल तर यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये वेग ०.७५ किंवा ०.५ करा. टेपरेकॉर्डर हळू केला की आवाज जाड व्हायचा. इथे सूर जागेवर राहतो, लय तेवढी उतरते. जी तान नुसता सपाटा वाटत होती ती सुटी सुटी ऐकू येते. एवढी एक सोय आमच्या पिढीला मिळाली असती तर किती पायपीट वाचली असती!

पेटीवरची 'पाहा आणि वाजवा' छापाची चित्रफीत मात्र मला पसंत नाही. तिच्यातून बोटांच्या जागा पाठ होतात, गाणं नव्हे. काळी एकमध्ये घोटलेलं गाणं पांढरी चारमध्ये वाजवायला सांगा, बोटं तिथेच अडतात. आधी सरगम तोंडाने म्हणा, मग पेटीला हात लावा.

आणि रोज स्वतःला रेकॉर्ड करा. हे कुणालाच आवडत नाही, पण याच्याइतका कडक मास्तर नाही. पंखा बंद करा, गाद्या-कपाटांची खोली निवडा, फोन हातभर लांब ठेवा. तानपुरा कानात इअरफोनवर लावा म्हणजे फोनच्या माइकमध्ये फक्त तुमचा आवाज जाईल. इअरफोन वायरचा घ्या. ब्लूटूथचा आवाज किंचित मागून येतो. पुढे हौस वाढली तर संगणकावर 'ऑडॅसिटी' उतरवून घ्या. फुकट आहे, त्यात एका थरावर तानपुरा, दुसऱ्यावर आवाज, तिसऱ्यावर टाळ असं रचता येतं.

ऑनलाइन गुरू करायचे असतील तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आवाज पोचायला वेळ लागतो, म्हणून दोघांनी एकत्र गाता येत नाही. गुरुजी गातील तेव्हा तुम्ही आवाज बंद ठेवायचा. आणि झूमसारख्या अ‍ॅपला एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर वाटते, ते तानपुराच पुसून टाकतं. त्यासाठी 'ओरिजिनल साउंड' सुरू करा. तरीही जमेल तेव्हा समोर बसून कुणाला तरी गाणं ऐकवाच. स्वर कणभर उतरला की समोरच्याची मान हलायची थांबते, ते पडद्यावर दिसत नाही.

केलेलं गाणं लोकांपुढे ठेवायचं असेल तर दुसऱ्याची मूळ ध्वनिफीत उचलून आपल्या व्हिडिओला लावू नका. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे चालतो. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे 'गीतरामायणा'चे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा, पण त्याला गेल्या पन्नास वर्षांत कुणी चाल लावली असेल तर ती त्या संगीतकाराची. स्वतः चाल लावून बघा ना. तेच तर करायचं आहे.

शेवटी एक मागणं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्यातल्या अनेक 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर गाणारणीच्या आणि गावाच्या नावासह वाचता-ऐकता येतात. तुमच्या घरातही कुणा आजीला, आत्याला ओव्या, पाळणे, भोंडल्याची गाणी येत असतील. ती या महिन्यातच रेकॉर्ड करा. त्यांना लाजवू नका, कॅमेरा रोखू नका, गप्पा मारता मारता फोन बाजूला ठेवा. ठेवण्याआधी मात्र त्यांना सांगा, की रेकॉर्ड करतोय, आणि पुढे कुणाला ऐकवायचं असेल तर त्यांना विचारा. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहरजान यांनी ध्वनिमुद्रण केलं तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचं नाव सांगत, कारण तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या आणि तिथल्या कामगारांना गाणारं कोण ते कळायला हवं. तुम्हीही तसंच करा. 'ऑडिओ १७' अशी फाइल ठेवू नका. गाणं संपलं की फोन बंद करण्याआधी त्यांच्याच तोंडून बोलवून घ्या, की नाव काय, माहेर कुठलं, गाणं कुणाकडून शिकल्या आणि आज तारीख काय.