फळ कोणते आणि प्रामाण्य कशाचे?

प्रॅग्मॅटिझम या तत्त्वज्ञानाला मराठीत आपण फलप्रामाण्यवाद म्हणतो, आणि घोटाळ्याला तेथूनच सुरुवात होते. फळ म्हटले की सावनेरच्या शेतकऱ्याला संत्र्याचा भाव आठवतो, पालकाला परीक्षेतले गुण आठवतात आणि विद्यापीठातल्या पंडिताला पदवी. मग जॉन ड्यूई हा अमेरिकेतला एक हिशेबी तत्त्वज्ञ ठरतो, आणि अशा गृहस्थाला सौंदर्याशी काय कर्तव्य, असे विचारून मंडळी मोकळी होतात.

या मंडळींनी १९३४ साली प्रसिद्ध झालेला ड्यूईचा 'आर्ट ॲज एक्स्पीरिअन्स' हा ग्रंथ चाळला तरी पुरे. संग्रहालयात मांडलेली वस्तू म्हणजे कला, ही समजूतच त्याला मान्य नाही. माणूस मातीला आकार देतो तेव्हा मातीही त्याच्या हाताला काही शिकवते. या देवघेवीला पूर्णता आली की रोजचा अनुभवच कलानुभव होतो, असे तो सांगतो. त्याच्या लेखी फळ ते हे. बाजारात त्याला भाव येवो अगर न येवो.

ड्यूई आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, आणि १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील आपल्या भाषणात त्यांनी ड्यूईचा उल्लेख कृतज्ञतेने, आपले गुरू म्हणून केला. लोकशाही म्हणजे परस्परांच्या अनुभवात वाटेकरी होऊन जगण्याची रीत, हा गुरूचा विचार शिष्याने जातिव्यवस्थेवर शस्त्रासारखा चालवला. या नात्याचे राजकारण आपण पाहिले. त्यातला कलेचा धागा मात्र लोंबकळत ठेवला. अमेरिकेत कलेला जीवनापासून तोडले ते संग्रहालयाने आणि बाजाराने, अशी ड्यूईची तक्रार होती. आपल्याकडे हे काम जातीने कितीतरी आधी उरकले होते. विणकर, कुंभार आणि चांभार यांचे घडवणारे हात हलके ठरले, आणि जे त्या हातांपासून दूर राहिले त्याला आपण रसिकता हे नाव दिले. मर्ढेकरांच्या लयतत्त्वावर आपण हिरिरीने वाद घातले. शाळेतल्या मुलाच्या बोटांना लय कशी सापडते, हा प्रश्न मात्र ड्रॉइंग मास्तरांवर सोडून दिला.

कोणी म्हणेल, हाताने शिकण्याची गोष्ट १९३७ साली वर्ध्यात सांगून झाली आहे. खरे आहे. नई तालीमने हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी आणला, आणि झाकीर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात चित्रकला व संगीतही होते. पण त्या उद्योगातून हळूहळू शिक्षकाचे वेतन निघावे, अशी अपेक्षाही त्याच परिषदेने जोडली. चरख्यावर बसलेल्या मुलाच्या आनंदाकडे पाहायचे की त्याच्या सुताचा हिशेब करायचा, हा पेच तेव्हाच उभा राहिला.

आजचे चित्र काय आहे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाच्या निदेशकाची तरतूद आहे. पण शाळेची पटसंख्या शंभरावर असेल तरच, आणि तोही अंशकालीन! म्हणजे नव्याण्णव मुलांच्या गावाला सौंदर्याची गरज नाही, असा कायद्याचा हिशेब झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेची सर्व विषयांशी सांगड घालण्याचे मोठे शब्द आहेत. पण सांगड घालणारा माणूसच शाळेत नसेल तर ती घालायची कोणी? राम गणेश गडकऱ्यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरात देह ठेवला. आपल्या शिक्षणपद्धतीत या घटनेचे मोल रिकाम्या जागेत भरायच्या एका शब्दाइतके. 'भावबंधन'मधला एखादा प्रवेश मुलांनी उभा करावा, पडावे, हसावे, पुन्हा बोलून पाहावे, याला वेळापत्रकात जागा नाही.

माझे भांडण त्या वेळापत्रकाशी आहे, त्याहून अधिक ते ड्यूईवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्वानांशी आहे. विचाराची कसोटी कृतीत लागते असे सांगणाऱ्या तत्त्वज्ञानावरचा प्रबंध केवळ परीक्षकांच्या सहीने सिद्ध कसा होईल? स्वतः ड्यूईने १८९६ साली शिकागोत शाळा काढली. तेथे मुले स्वयंपाक करीत, विणीत, सुतारकाम करीत, आणि त्यातूनच शिकत. त्याचे तत्त्वज्ञान त्या वर्गांतून तावूनसुलाखून निघाले आहे. आमचे संशोधन मात्र इंग्रजीत लिहिले जाते, ग्रंथालयाच्या कपाटात निजते आणि संशोधकाच्या बढतीपुरते जागे होते.

एका वर्गावरून सिद्धान्त काढता येत नाही, असा आक्षेप येईल. मग शून्य वर्गांवरून तो कसा काढता येतो? प्रबंधाचे एक प्रकरण सावनेर तालुक्यातल्या लहान शाळेत लिहा. कोलार नदीकाठची माती, संत्र्याची बाग, कोळशाच्या खाणीवरून घरी येणारा बाप, एवढी सामग्री तेथे आहे. मुलांसोबत वर्षभर काम करा, काय फसले तेही नोंदवा, आणि ते मराठीत छापा, म्हणजे त्या शाळेतल्या बाईंना वाचता येईल. तुमच्या संशोधनाचा निकाल त्यांनी द्यावा. फलप्रामाण्य हा शब्द वापरायचा तर ही परीक्षा चुकवता येणार नाही.